हरभऱ्याची मर फोटोवरून ओळखता येते का? एआय, बुरशीनाशकं आणि धाराशिवचं रान

गेल्या दोन वर्षांत शेती आणि एआय या दोन शब्दांची जोडी सरकारी बातम्यांमध्ये सतत दिसतेय. १५ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने 'नॅशनल पेस्ट सर्व्हेलन्स सिस्टीम' सुरू केली. अ‍ॅपमध्ये पिकाचा फोटो टाकायचा आणि कीड-रोगाचं नाव मिळवायचं, अशी ही सोय आहे. तेव्हा ६१ पिकं आणि ४०० हून अधिक किडींचा आकडा सांगितला गेला. मे २०२५ मध्ये राज्याचं 'महाविस्तार' अ‍ॅप आलं, त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९' मंजूर केलं आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपये ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने ११,४४० कोटींचं डाळ अभियान सुरू केलं. तूर, उडीद आणि मसूर या डाळींवर त्याचा भर आहे आणि २०३०-३१ पर्यंत देशाचं डाळ उत्पादन ३५० लाख टनांवर न्यायचं लक्ष्य आहे.

म्हणजे एकीकडे डाळी वाढवायच्या आणि दुसरीकडे त्यांचे रोग फोनवर ओळखायचे. ऐकायला जोडी एकदम फिट्ट बसते.

पण डाळवर्गीय पिकांचा सगळ्यात जुना आणि चिवट रोग घेतला, तर ही जोडी बसत नाही. तो रोग म्हणजे मर. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, कृषी पदवीधर नाही. पण घरची माणसं कळंब तालुक्यात शेती करतात आणि घरात 'मोबाईलमधलं कळणारा' मीच. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपवर माना टाकलेल्या हरभऱ्याचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते : "बघ बरं ह्याला काय मारायचं." तुमच्यापैकी अनेकांच्या फोनमध्येही असे फोटो असतील. म्हणून आज हाच प्रश्न नीट सोडवूया : या फोटोतून खरंच किती कळतं आणि कळल्यावर काय करता येतं?

मर म्हणजे नक्की काय?

हरभऱ्याची मर फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाच्या बुरशीमुळे होते. या बुरशीच्या वेगवेगळ्या जाती वेगवेगळी पिकं धरतात. हरभऱ्यावरची वेगळी आणि उत्तर प्रदेश-मध्य प्रदेशात मसुरावर येणारी वेगळी. तुरीची मर तिच्या जवळच्या फ्युजॅरियम उडम या बुरशीमुळे येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत एडविन बटलर यांनी तिचा अभ्यास केला होता. म्हणजे रोगाची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

ही बुरशी पानावर पडत नाही. ती जमिनीत असते आणि मुळातून आत शिरते. झाडाच्या आत पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्यांत ती वाढते. बुरशीचे धागे आणि झाडाने स्वतःच्या बचावासाठी तयार केलेला चिकट पदार्थ यांनी त्या नळ्या तुंबतात. खाली ओल असूनही वरच्या फांद्यांना पाणी मिळत नाही. झाड माना टाकतं, पिवळं पडतं आणि वाळतं.

पेरणीनंतर तीन-चार आठवड्यांत रोपं मरू शकतात, किंवा फुलं-घाटे लागल्यावर उभं पीक बसू शकतं. दुसरा प्रकार जास्त जिव्हारी लागतो, कारण तोपर्यंत बियाणं, खत, खुरपणी असा सगळा खर्च झालेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हरभऱ्यावरची ही बुरशी पीक नसतानाही जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकू शकते. बियाण्यावरूनही पसरते. शिवाय तूर, मसूर, वाटाणा यांच्या मुळांत ती वरून काहीही लक्षण न दाखवता राहू शकते. म्हणजे 'यंदा हरभरा नको, दुसरी डाळ घेऊ' एवढ्याने ती जात नाही.

आमच्या जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन आणि रब्बीला हरभरा हे चक्र अनेक रानांत वर्षानुवर्षं तसंच फिरतंय. पूर्वी रब्बीत ज्वारीचं मोठं क्षेत्र असायचं. आता ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत आणि हरभरा मशीनने निघतो, म्हणून लोक तिकडे वळले. हिशोब बरोबरच आहे. पण बुरशीच्या बाजूने बघितलं तर दरवर्षी त्याच रानात तिला तिचंच जेवण मिळतंय.

फवारा का चालत नाही?

झाडं मरायला लागली की पहिला फोन कृषी सेवा केंद्राला जातो आणि दुकानातून बुरशीनाशकाचं पाकीट येतं. बहुतेकदा कार्बेन्डाझिम किंवा त्याचं मॅन्कोझेबबरोबरचं मिश्रण. ते पंपात टाकून पानांवर मारलं जातं.

मॅन्कोझेबसारखी बुरशीनाशकं स्पर्शजन्य असतात. जिथे पडतात, तिथेच काम करतात. कार्बेन्डाझिम आंतरप्रवाही आहे, म्हणजे झाडाच्या आत शिरतं. पण आत शिरल्यावर ते मुख्यतः पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातं. पानावर मारलेलं औषध पुरेशा प्रमाणात खाली मुळापर्यंत उतरत नाही. आजार मुळात आणि औषध शेंड्यावर. वर पाणी नेणाऱ्या नळ्याच तुंबलेल्या, त्यामुळे उरलेली वाहतूकही ठप्प.

मग आळवणी करू, मुळाशीच औषध ओतू? त्याचा हिशोब करून बघूया. हरभरा ३० बाय १० सेंटिमीटरवर असेल तर एकरात साधारण १ लाख ३५ हजार झाडं बसतात. प्रत्येक झाडाच्या बुडाशी फक्त ५० मिली पाणी घालायचं म्हटलं तरी ६,७०० लिटरच्या पुढे लागतं. १५ लिटरचे साधारण ४५० पंप! नेहमीच्या फवारणीला एकरी २०० लिटर पाणी पुरतं. चार-पाच ठिकाणी छोटे पट्टे दिसले तर त्यांच्या कडेच्या झाडांना आळवणी करून बघतात, तेवढं शक्य आहे. पण अख्ख्या रानाची आळवणी म्हणजे बागायत मिरचीचं गणित कोरडवाहू हरभऱ्याला लावणं.

आणि मेलेलं झाड काही झालं तरी परत उभं राहत नाही.

फोटो ओळखणारं एआय नेमकं काय बघतं?

आता माझ्या विषयाकडे येतो. फोटोवरून रोग ओळखणारं मॉडेल हजारो फोटो बघून शिकतं. 'हे असं दिसतं तेव्हा त्याचं नाव अमुक' असा पॅटर्न ते पकडतं. त्यामुळे दोन गोष्टी निर्णायक ठरतात : त्याला कोणते फोटो दाखवले आणि रोगाची खूण फोटोत दिसते का.

पहिली गोष्ट. या क्षेत्रातला सगळ्यात गाजलेला डेटासेट 'प्लांटव्हिलेज'. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाते यांनी त्यातले ५४,३०६ फोटो वापरून मॉडेल शिकवलं. १४ पिकं, २६ रोग आणि अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा जगभर फिरला. पण त्याच पेपरमध्ये दुसरा आकडाही होता. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१.४ टक्क्यांवर आली. कारण ट्रेनिंगचे फोटो म्हणजे तोडून साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेली एकेक पानं. रानात माती असते, सावली असते, शेजारचं तण असतं आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठाही असतो.

२०२२ मधल्या एका अभ्यासाने तर गंमतच केली. त्याच डेटासेटच्या फोटोंतले पार्श्वभूमीचे फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं. पान दाखवलंच नाही. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसता अंदाज लावला असता तर २.६ टक्के आली असती. म्हणजे फोटो कुठे आणि कसा काढला यावरूनही मॉडेल उत्तर 'ओळखत' होतं. परीक्षेत पेपरच्या कागदावरून विषय ओळखावा, तसं.

आणि त्या १४ पिकांत सफरचंद, चेरी, स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी आहेत. हरभरा नाही, तूर नाही, मसूर नाही. सोयाबीन आहे, पण फक्त निरोगी पानांचं.

आजची अ‍ॅप्स अर्थातच तिथेच थांबलेली नाहीत. जर्मन कंपनीचं प्लँटिक्स हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर काम करून भारतात रुजलं आणि त्याच्याकडे शेतकऱ्यांनी स्वतः रानात काढलेले भरपूर फोटो आहेत. घाटेअळी, पानावरचे ठिपके, भुरी, तांबेरा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत ही अ‍ॅप्स खरंच उपयोगी पडतात. ते मी नाकारत नाही.

अडचण दुसऱ्या गोष्टीत आहे. मर रोगाची पक्की खूण झाडाच्या आत असते. कॅमेऱ्याला दिसतं ते फक्त 'झाड वाळतंय'. आणि झाड वाळायला कारणं पाच असतात.

एकच चेहरा, पाच आजार

झाड उपटा, माती झटका, चाकूने बुडापासून खोड उभं चिरा. मग बघा :

• मर : मूळ वरून बरंचसं चांगलं दिसतं, पण चिरल्यावर मधोमध तपकिरी-काळसर रेघ दिसते. तुरीत खोडावर बुडापासून वर जाणारा जांभळट पट्टाही दिसतो आणि कधी एकाच बाजूच्या फांद्या वाळतात.

• मानकूज : रोपं लहान असताना, ओल जास्त असताना येते. जमिनीलगत खोड कुजतं, तिथे पांढरे धागे आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसतात. रानात न कुजलेला काडीकचरा असेल तर जास्त.

• कोरडी मूळकूज : उन्हाचा तडाखा आणि पाण्याचा ताण एकत्र आला की, बहुधा फुलं-घाट्यांच्या वेळी. सोटमूळ ठिसूळ होऊन कटकन मोडतं, बारीक मुळं जागेवरच तुटून राहतात.

• तुरीचा फायटोप्थोरा करपा : पाणी साचल्यावर येतो. खोडावर तपकिरी-काळे, आत दबलेले चट्टे पडतात आणि तिथून झाड मोडतं.

• रोग नाहीच : नुसतं पाणी साचून मुळं गुदमरली, किंवा वाळवीने मूळ खाल्लं.

सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आठवा. परांडा, भूम भागात गावांत पाणी शिरलं आणि जिल्ह्यात ठिकठिकाणी तुरीची रानं पाण्याखाली गेली. अशा रानातली तूर नंतर वाळली तर 'मर' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण फायटोप्थोरा ही खरी बुरशीच नाही. दिसायला बुरशीसारखी, नात्याने शेवाळांच्या जवळची. तिच्यावर कार्बेन्डाझिम काम करत नाही, मेटॅलॅक्झिल गटातली औषधं करतात. नाव चुकलं की पाकीट चुकतं आणि पाकिटाचे पैसे जातातच.

आता थोडं गणित. समजा एखादं अ‍ॅप मर ओळखण्यात ९० टक्के अचूक आहे. रानातून वाळलेल्या झाडांचे १०० फोटो आले आणि त्यांतली २० झाडं खरंच मरीची आहेत. अ‍ॅप त्यांतली १८ बरोबर पकडेल. उरलेल्या ८० पैकी १० टक्के, म्हणजे ८ झाडांनाही ते चुकून 'मर' म्हणेल. एकूण २६ वेळा 'मर' असं उत्तर आलं, त्यांतली ८ चुकीची. जवळपास तीनात एक. स्क्रीनवर मात्र सव्वीसही वेळा तोच हिरवा टिक आणि तोच आत्मविश्वास दिसतो.

उत्तरानंतर काय येतं, तेही बघा

अ‍ॅपमध्ये रोगाच्या नावाखाली लगेच 'उपाय' येतो. बऱ्याचदा तो एखाद्या औषधाचा असतो आणि काही ठिकाणी जवळच्या दुकानाचा पत्ताही. अ‍ॅप फुकट असेल तर त्याचं उत्पन्न कुठून येतं, हा प्रश्न तुम्ही रील्सच्या अ‍ॅपला विचारता, तसाच इथेही विचारा. सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असेल, तर 'काहीही मारू नका' हे उत्तर त्याला महाग पडतं. मर रोगात तर उभ्या पिकावर बरोबर उत्तर बहुतेकदा तेच असतं.

दुकानदाराला सरसकट नावं ठेवायची नाहीत. उधारीवर बियाणं-खत देणारा, रात्री फोन उचलणारा तोच असतो. पण समोरचा माणूस 'कायतरी द्या' म्हणून उभा असताना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यालाही जमत नाही.

यात एक कायदेशीर बाजूही आहे. भारतात १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली प्रत्येक औषध ठरावीक पीक आणि ठरावीक रोगासाठी नोंदवलं जातं. त्याला 'लेबल क्लेम' म्हणतात. पाकिटावर तुमचं पीक आणि तुमचा रोग लिहिलेला नसेल, तर ते औषध तुमच्यासाठी तपासलेलं नाही. पाकिटावरच्या चौकोनातला रंगही बघा : लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसं गेली. तिथे औषधं वेगळी होती, पण अंदाजाने मिश्रण करून पंप पाठीवर घ्यायची सवय सगळीकडे सारखीच आहे.

मग बुरशीनाशकाचा उपयोग कधी?

पेरणीच्या आधी, बियाण्यावर. मर रोगाविरुद्ध बुरशीनाशकाची खरी जागा हीच. बियाण्याभोवती औषधाचा पातळ थर असला की कोवळ्या मुळाला पहिले काही आठवडे संरक्षण मिळतं आणि बियाण्यावरून येणारी बुरशीही मरते.

यात क्रम महत्त्वाचा आहे. लक्षात ठेवायला सोपा शब्द : एफआयआर. आधी फंगीसाइड म्हणजे बुरशीनाशक, मग इन्सेक्टिसाइड म्हणजे कीटकनाशक आणि शेवटी रायझोबियम. रायझोबियम हा जिवंत जिवाणू आहे, म्हणून तो सगळ्यात शेवटी. रासायनिक बुरशीनाशकासाठी थायरम किंवा कार्बोक्झिन-थायरम मिश्रण वापरतात. प्रमाण पाकिटावर लिहिलेलंच घ्यायचं.

दुसरा पर्याय ट्रायकोडर्मा. ही स्वतः एक बुरशीच आहे, पण दुसऱ्या बुरशींवर जगणारी. किलोला ५ ग्रॅम धरलं आणि एकरी ३० किलो हरभरा पेरला, तर १५० ग्रॅम लागतं. एक किलोचं पाकीट सहा एकरांना पुरतं. मात्र कार्बेन्डाझिमसारख्या रासायनिक औषधाबरोबर ट्रायकोडर्मा एकाच वेळी चोळू नका. बुरशीनाशकाला मित्रबुरशी आणि शत्रुबुरशी असा फरक कळत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं 'बायोमिक्स' हे उपयुक्त बुरशी-जिवाणूंचं मिश्रण आपल्याकडे अनेकांना माहीत आहे.

त्याच्याही आधीचा उपाय म्हणजे वाण. हरभऱ्यात राहुरी विद्यापीठाचे विजय आणि दिग्विजय, अकोल्याचा जॅकी ९२१८ हे मर रोगाला प्रतिकार करणारे म्हणून ओळखले जातात. तुरीत जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राचे बीएसएमआर ७३६, बीएसएमआर ८५३ आणि बीडीएन ७११ आहेत. असे वाण तपासायची पद्धत मला फार आवडते. संशोधन केंद्रावर मुद्दाम एक 'आजारी प्लॉट' तयार करतात. मेलेली झाडं त्याच जमिनीत गाडत बुरशी वाढवतात. मग तिथे नवे वाण पेरतात आणि मध्ये जेजी ६२ हा लगेच बळी पडणारा वाण टाकतात. जेजी ६२ पूर्ण मेला आणि शेजारचा वाण उभा राहिला, तर तो पास. सॉफ्टवेअरच्या भाषेत हे टेस्ट एन्व्हायर्न्मेंट मुद्दाम बिघडवून केलेलं टेस्टिंग आहे.

बाकीचे उपाय आजोबांच्या काळचे आहेत : उन्हाळ्यात खोल नांगरट, धसकटं वेचून बाहेर काढणं, रोगट रानातलं बियाणं पुढच्या वर्षी न वापरणं, जमीन गरम असताना हरभऱ्याची घाई न करणं आणि ज्वारीसारख्या पिकाची फेरपालट. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतल्यावर मर कमी होते, हे प्रयोगांतही दिसलंय.

यांतला कुठलाही उपाय एकटा पुरत नाही. बीजप्रक्रियेचं संरक्षण सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं असतं. प्रतिकारक वाणही कायमचा नसतो, कारण हरभऱ्याच्या या बुरशीचे आठ उपप्रकार नोंदवले गेलेत आणि एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे बसू शकतो. बटईने रान करणाऱ्याला फेरपालट ठरवायचा अधिकारही नसतो. तरी हे सगळं मिळून जे होतं, ते डिसेंबरातल्या फवाऱ्याने होत नाही.

फोनचा खरा उपयोग : आठवण ठेवणं

मर हा रानाच्या इतिहासाचा रोग आहे. आज कोणतं झाड वाळलं यापेक्षा गेल्या सहा वर्षांत त्याच तुकड्यात काय पेरलं आणि कुठे मेलं, हे जास्त सांगून जातं. आणि आठवण ठेवण्यात फोनइतकं स्वस्त साधन नाही. त्यासाठी एआय लागत नाही.

आत्ता रानात हरभरा उभा आहे, म्हणजे पट्टे दिसायची वेळ हीच आहे. या आठवड्यात करता येण्यासारख्या पाच गोष्टी :

१. कॅमेऱ्यात लोकेशन चालू करा आणि जिथे झाडं वाळलीत, तिथे उभं राहून फोटो काढा. गुगल मॅप्सवर पिन टाकून नाव द्या : 'मर, हरभरा, २०२६'.

२. प्रत्येक पट्ट्यातली दोन-तीन झाडं उपटून चिरा. चिरलेल्या खोडाचा, मुळाचा आणि अख्ख्या झाडाचा असे तीन फोटो एकत्र ठेवा. अ‍ॅपला द्यायचे असतील तर हेच द्या.

३. तेच फोटो आणि शक्य असेल तर ताजी झाडं तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा गावच्या कृषी सहायकाला दाखवा. फोनवर विचारायचं तर किसान कॉल सेंटर : १८००-१८०-१५५१. मराठीत बोलता येतं.

४. एक साधी शीट बनवा : गट नंबर, वर्ष, खरीप पीक, रब्बी पीक, वाण, बीजप्रक्रिया केली का, मर दिसली का. सात रकाने. बियाण्याच्या पिशवीचा टॅग आणि पावतीचा फोटो त्याच फोल्डरमध्ये.

५. कॅलेंडरमध्ये दोन रिमाइंडर टाका. एप्रिलमध्ये नांगरटीचा, सप्टेंबरच्या शेवटी बीजप्रक्रियेचा. दुसऱ्यात एवढंच लिहा : 'एफआयआर'.

धोरण बनवणाऱ्यांकडून काय हवंय?

महाराष्ट्राला हे नवीन नाही. २००९-१० पासून राज्यात 'क्रॉपसॅप' प्रकल्प आहे. माणसं ठरलेल्या रानांत जाऊन किडी मोजतात आणि त्यावरून सल्ला दिला जातो. सोयाबीन, तूर, हरभरा ही पिकं त्यात आहेत. एवढ्या वर्षांच्या नोंदी ही सोन्याची खाण आहे. ५०० कोटींतून आणखी एक फोटोवालं अ‍ॅप बनवण्याऐवजी या नोंदी, जमीन आणि हवामान जोडून सप्टेंबरमध्येच एक मेसेज आला तर? 'तुमच्या गटाभोवती तीन वर्षं मर नोंदली आहे. यंदा ज्वारीचा विचार करा. हरभराच घ्यायचा तर अमुक वाण आणि बीजप्रक्रिया.'

अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्याच जातभाईंसाठी, तीन मागण्या आहेत. वाळलेल्या झाडाचा फोटो आला की नाव सांगण्याआधी 'खोड चिरून फोटो टाका' असं विचारा. मागच्या वर्षी इथे काय होतं, हे विचारा. आणि 'नक्की सांगता येत नाही, कृषी केंद्राला दाखवा' हे उत्तर द्यायची सोय ठेवा. कोडमध्ये या तिन्ही गोष्टी अवघड नाहीत. अवघड आहे ते प्रत्येक फोटोला उत्तर द्यायचाच मोह टाळणं.

डाळ अभियानात ८८ लाख बियाणे किट वाटायचं ठरलंय. त्या पाकिटात बीजप्रक्रियेची पुडी आणि मराठीत तीन ओळी असतील, तर तेवढ्याने जे वाचेल ते कुठल्याही स्कॅनरने वाचणार नाही. आणि तोवर, घरून पुढचा फोटो आला की 'काय मारायचं' याचं उत्तर देण्याआधी एवढंच टाइप करा : "आधी खोड चिरून दाखवा."